आधी हिशोब दाखवा : कळव्यातल्या एका जुन्या क्रेडिट कार्डाचं प्रकरण

एप्रिल २०२५ मध्ये भाचा नौपाड्यात माझ्या घरी आला, तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये सिबिलचा, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट होता आणि चेहरा उतरलेला. मी म्हटलं, आधी खाली जाऊन प्रिंट काढून आण. मोबाइलवर बोट सरकवत वाचलेला रिपोर्ट म्हणजे धावत्या लोकलमधून वाचलेली स्टेशनची पाटी. नाव दिसतं, बाकी काही नाही.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं वसुलीत गेली, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून लोकांना फोन करण्यात. त्यामुळे पलीकडचा माणूस काय बोलतो आणि का बोलतो, हे मला थोडंफार कळतं. हे प्रकरण भाच्याच्या परवानगीने लिहितो आहे. बँकेचं आणि कंपन्यांचं नाव लिहीत नाही. त्याची गरजही नाही, कारण हे कुठेही घडू शकतं.

झालं काय होतं

भाचा अडतीस वर्षांचा. रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, राहतो कळव्याला आईबरोबर, म्हणजे माझ्या ताईकडे. त्या वर्षी गुढीपाडव्याला त्याने घणसोलीत सिडकोच्या वसाहतीतलं एक जुनं घर बघून एक लाख रुपये टोकन दिलं. ३२ लाखांचं गृहकर्ज हवं होतं. पगार बसत होता, कागद बसत होते. बँकेतला अधिकारी म्हणाला, ‘सिबिल बसत नाही.’ स्कोअर ६१२.

कारण होतं २०१५ सालचं एक क्रेडिट कार्ड. तेव्हा तो ठाण्यातल्या एका मॉलमध्ये नोकरीला होता. मॉलच्या दारातच टेबल मांडून बसलेल्या मुलाने कार्ड गळ्यात मारलं, मर्यादा ४० हजार. २०१७ च्या अखेरीस नोकरी गेली आणि त्याच सुमारास त्याचे वडील आजारी पडले. औषधं कार्डावर, किराणा कार्डावर. शेवटचा भरणा १२ मार्च २०१८ ला, दोन हजार रुपयांचा. त्यानंतर वडील गेले, कोपरीची भाड्याची खोली सोडली, सिमकार्ड बदललं. बँकेची पत्रं कोपरीच्या पत्त्यावर जात राहिली असणार. त्याने घरी कुणाला सांगितलं नाही. ताईला तर २०२५ मध्ये पहिल्यांदा कळलं, तेही वसुलीवाल्याच्या फोनवरून.

शेवटच्या भरण्यानंतर बाकी होती २७,३५० रुपये.

रिपोर्ट वाचताना

प्रिंट पसरून बसलो. पहिली गोष्ट अशी दिसली की एकच कर्ज दोनदा लिहिलेलं होतं. एका नोंदीत मूळ बँक, स्थिती ‘राइट-ऑफ’, बाकी ४६,२१८. दुसऱ्या नोंदीत एका एआरसीचं, म्हणजे बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीचं नाव आणि बाकी १,३८,४००. कर्ज देणाऱ्याने हे बघितलं की त्याला वाटणार, या माणसाने दोन ठिकाणी बुडवलंय.

राइट-ऑफ या शब्दाने फार लोक फसतात. भाचाही म्हणाला, ‘मामा, त्यांनी माफच केलंय ना ते?’ माफ नाही. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढली, एवढाच त्याचा अर्थ. वसुलीचा हक्क तसाच राहतो आणि तो हक्क बँक विकूही शकते. इथे २०२१ मध्ये विकला होता.

मग ही दुसरी नोंद २०२५ मध्येच एवढी ठळक का झाली? रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एआरसींनाही बँकांसारखेच नियम लावले. १ जानेवारी २०२५ पासून त्यांना चारही क्रेडिट माहिती कंपन्यांचं, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचं सभासद होऊन दर पंधरवड्याला माहिती देणं भाग पडलं. इतकी वर्षं कपाटात पडून असलेली खाती अशी एकदम उजेडात आली. नियम चांगलाच आहे, पण जुन्या घाणीसकट पाणी वर आलं.

आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक सिबिल सिबिल करतात आणि उरलेल्या तीन विसरतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासूनचा नियम आहे. आम्ही चारही काढले. दोन रिपोर्टांत दुहेरी नोंद, एकात फक्त एआरसीची, चौथ्यात यातलं काहीच नाही. एकाच माणसाच्या चार जन्मपत्रिका.

कोर्टाची मुदत आणि रिपोर्टची मुदत

इथे भाच्याने इंटरनेटवर वाचलेलं काढलं. ‘सात वर्षं झाली की आपोआप पुसलं जातं ना? मार्च २०१८ म्हणजे झालीच की.’ हा सात वर्षांनी पुसण्याचा नियम अमेरिकेतला. आपल्याकडे क्रेडिट माहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्याखाली सात वर्षं ही माहिती जपून ठेवायची किमान मुदत आहे, फेकून द्यायची नव्हे. आणि बाकी उभी आहे तोवर नवा मालक ती ताजी करत राहणार.

दुसरीकडे कोर्टाची मुदत वेगळी. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा पैशांसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं. शेवटचा भरणा मार्च २०१८ चा, म्हणजे मार्च २०२१. पण करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, तो मिळवला तर मुदत फेब्रुवारी २०२३ संपता संपता संपते. कोर्टनाक्यावरच्या ओळखीच्या वकिलाने तारखा बघून हेच सांगितलं. त्या आधी दावा लागलेला नव्हता, हेही त्यांनी तपासलं.

म्हणजे कर्ज मुदतबाह्य. कोर्टातून वसूल करता येत नाही, पण कर्ज मेलेलं नाही. दाव्याचा रस्ता बंद होतो, देणं राहतं. आणि रिपोर्टला कोर्टाच्या मुदतीशी काही देणंघेणं नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण व्हॉट्सअॅपवर उलटसुलट फिरते. ‘एक रुपया भरला की मुदत पुन्हा सुरू’ असं सरसकट नाही. भरण्याने किंवा लेखी कबुलीने मुदत वाढते ती मुदत संपायच्या आत केली तर. मुदत संपल्यावर धोका वेगळा असतो : सही करून ‘मी हे पैसे देईन’ असं लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा करार होतो आणि त्यावर नव्याने दावा लागू शकतो. त्यामुळे वसुलीवाला ‘फक्त या फॉर्मवर सही करा, औपचारिकता आहे’ म्हणतो तेव्हा त्या फॉर्ममधली रक्कम बघायची.

भाच्याला मी विचारलं, कोर्टात काही होणार नाही हे कळलं, मग भरायचं का? तो म्हणाला, ‘पैसे वापरलेत मामा. आणि घर घ्यायचंय.’ मग काम सोपं झालं. प्रश्न फक्त किती आणि कुठल्या शब्दाखाली, एवढाच उरला.

फोन

एआरसीच्या वसुलीवाल्यांच्या फोनचं थोडक्यात. सकाळी सात वाजता ताईला फोन, रात्री साडेनऊला भाच्याच्या कंपनीच्या रिसेप्शनवर फोन, एकदा व्हॉट्सअॅपवर अटक वॉरंटचं चित्र. वॉरंटमधलं मराठी इतकं भयाण होतं की मलाच हसू आलं. ताईला नाही आलं. तिने दोन दिवस दार आतून लावून ठेवलं होतं.

पैशांच्या दिवाणी देण्यासाठी असं पोलीस घरी येत नाहीत. आणि रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, कर्जदाराच्या घरच्यांना किंवा मित्रांना छळता येत नाही. कॉलच्या वेळांचे स्क्रीनशॉट, वॉरंटचं चित्र आणि दोन ओळी असं सगळं एआरसीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवलं. चौथ्या दिवसापासून फोन दिवसा आणि फक्त भाच्यालाच येऊ लागले. सूरही बदलला. ‘सर’ झाला.

आणि मग ऑफर सुरू झाल्या. आधी ६० हजार, ‘आजच्या आज’. दोन दिवसांनी ४५ हजार. मे महिन्यात ३५ हजार, ‘वरून खास मंजुरी आणली आहे, लगेच सिबिल क्लिअर’. पैसे भरायला एक यूपीआय नंबर, कुणा व्यक्तीच्या नावाचा. मी पूर्वी पलीकडे बसत होतो म्हणून सांगतो : ‘शेवटची ऑफर’ ही महिनाअखेरीस येते आणि पुढच्या महिनाअखेरीस पुन्हा येते.

पत्रं

त्याआधीच, एप्रिलमध्ये, आम्ही दोन पत्रं रजिस्टर्ड एडीने आणि ईमेलने पाठवली होती. बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे मागितलं : खातं उघडल्यापासून राइट-ऑफपर्यंतचा उतारा, आणि कर्ज कधी, कुणाला विकलं याचं पत्र. एआरसीकडे मागितलं : तुमच्याकडे हे कर्ज आल्याचा पुरावा आणि १,३८,४०० ही रक्कम कशी झाली, त्याचा तारीखवार हिशोब. दोन्हींत एक वाक्य घातलं : ‘ही माहिती मागणे म्हणजे कोणत्याही रकमेची कबुली किंवा देण्याचे वचन नव्हे.’

त्याच दिवशी, २४ एप्रिलला, दुहेरी नोंदीबद्दल क्रेडिट माहिती कंपन्यांकडे ऑनलाइन तक्रार टाकली. विकलेल्या कर्जाची बाकी मूळ बँकेने शून्य दाखवायला हवी, एवढाच मुद्दा. अशा तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेला दुरुस्ती कळवायला एकवीस दिवस असतात. कार्डाच्या मूळ बँकेने जास्त लावले. नोंद दुरुस्त झाली एकेचाळिसाव्या दिवशी. भाच्याच्या खात्यात अकराशे रुपये आले, कुणीही न भांडता. मी इतकी वर्षं बँकेत काढली, बँकेकडून असा दंड येताना पहिल्यांदा बघितला.

बँकेचा उतारा तीन आठवड्यांनी आला. ओळ न ओळ वाचला. २७,३५० वर महिना साडेतीन टक्के व्याज. ऐकायला हलकं वाटतं, पण चक्रवाढीने वर्षाला ५१ टक्के होतं आणि वीस महिन्यांत रक्कम दुप्पट. त्यावर दर महिन्याला लेट फी, या सगळ्यावर जीएसटी. असं करत मार्च २०१९ ला ४६,२१८ रुपयांवर बँकेने खातं राइट-ऑफ केलं. त्यानंतर उताऱ्यात व्याजाची एकही ओळ नव्हती.

मग १,३८,४०० कुठून आले? वरच्या ९२,१८२ रुपयांबद्दल एआरसीचं उत्तर जूनमध्ये आलं. त्यात एकच ओळ होती : ‘व्याज व इतर आकार’. दर नाही, तारीख नाही, आकारणी नाही.

सवलत नको, दुरुस्ती हवी

या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

भाचा म्हणाला, ‘मामा, ३५ हजारांत सुटतंय तर सोडवून टाकू. तुम्ही कशाला पत्रं खेळत बसलाय?’ त्याचं चुकीचं नव्हतं. घरमालक साताऱ्याला परत जाणारं वयस्कर जोडपं, त्यांनी गणपतीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. जून निम्मा संपला होता.

पण ३५ हजार घेऊन एआरसी जे रिपोर्टमध्ये लिहिणार तो शब्द ‘सेटल्ड’. म्हणजे येणं होतं १,३८,४००, त्यातले एक लाखावर सोडून दिले आणि तडजोड केली. वाचणाऱ्याला अर्थ एवढाच कळतो की हा माणूस पूर्ण पैसे देत नाही. मी एका गृहकर्ज देणाऱ्या संस्थेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘सेटल्ड असेल तर फाइल आमच्याकडे पुढे सरकणारच नाही. पूर्ण भरून बंद दिसलं तर बघता येईल.’

तेव्हा आम्ही एआरसीकडे सवलत मागितलीच नाही. पत्रात लिहिलं की बँकेच्या उताऱ्याप्रमाणे येणं ४६,२१८ आहे; त्यावरच्या ९२,१८२ चा हिशोब तुम्ही देऊ शकला नाहीत; तो द्या, नाहीतर नोंदीतली बाकी ४६,२१८ अशी दुरुस्त करा. दुरुस्त केल्यावर ती रक्कम पूर्ण भरतो आणि खातं ‘पूर्ण भरून बंद’ असं कळवा. पत्राबरोबर उताऱ्याची प्रत. क्रेडिट माहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आहेत, त्यामुळे नोंद न सुधारल्यास तिथे तक्रार करू, हेही शेवटी सौम्य शब्दांत.

यात फरक काय? तडजोडीत समोरचा आपलं येणं सोडतो. इथे त्याने काही सोडलं नाही, कारण सिद्ध करता येत नाही ते येणंच नाही. रक्कम कमी झाली ती हिशोबाने, मेहरबानीने नव्हे. म्हणून शब्द बदलतो. ३५ हजारांऐवजी ४६,२१८ भरायचे म्हणजे ११,२१८ रुपये जास्त. त्या जास्तीच्या पैशांत आपण तो शब्द विकत घेतो, असं भाच्याला समजावलं. त्याला पटायला एक रात्र लागली.

हे दर वेळी जमेल असं मी म्हणणार नाही. एआरसीकडे व्यवस्थित हिशोब असता तर आमचं पत्र केराच्या टोपलीत गेलं असतं. इथे त्यांच्याकडे तो नव्हता, कर्ज मुदतबाह्य होतं आणि समोरचा पूर्ण पैसे द्यायला तयार होता. त्यांच्या बाजूने बघितलं तरी हा सौदा वाईट नव्हता.

मधे एक लोकअदालतीची नोटीसही आली, वर ठाण्याच्या न्यायालयाचं नाव बघून ताई पुन्हा घाबरली. ती दावापूर्व नोटीस होती, खटला नव्हे. तिथे तडजोड सक्तीची नसते. मात्र सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, आणि त्यावर अपील नाही. भाचा गेला, हिशोब मागितल्याचं पत्र दाखवलं, सही न करता परत आला.

भरणा आणि नंतर

८ जुलैला एआरसीचं पत्र आलं. खाते क्रमांक, रक्कम ४६,२१८, भरायची तारीख, कंपनीच्या बँक खात्याचा तपशील, आणि भरल्यावर कुठल्या स्थितीने नोंद करणार ते. शेवटची ओळ मी तीनदा वाचली. मग भाच्याने स्वतःच्या पगार खात्यातून एनईएफटी केली. एजंटचा फोन त्या दिवशीही आला होता : ‘माझ्या नंबरवर टाका, मी लगेच अपडेट करतो.’

नो ड्यूज पत्र, म्हणजे आता काही देणं उरलं नाही असं पत्र, बारा दिवसांनी मिळालं. दोन रिपोर्टांमध्ये महिन्याभरात ‘राइट-ऑफनंतर पूर्ण भरून बंद’ असं आलं, बाकी शून्य. तिसऱ्यासाठी पुन्हा एक तक्रार टाकावी लागली. स्कोअर ६१२ वरून ६७१ झाला. ‘लगेच साडेसातशे करून देतो’ म्हणून पैसे उकळणारे ठाण्यात गल्लोगल्ली आहेत, त्यांना हा आकडा सांगायला हवा. खातं बंद झालं तरी ते कधीकाळी बुडालं होतं हे रिपोर्टमध्ये दिसतंच. २०२२ मध्ये घेतलेल्या मोटारसायकलच्या कर्जाचे हप्ते त्याने एकही न चुकवता भरले होते, त्याचा मात्र उपयोग झाला असावा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसाने लोकल बंद पडल्या त्याच दिवसांत, त्या दुसऱ्या संस्थेने कर्ज मंजूर केलं. ८.५ टक्क्यांनी. चांगल्या स्कोअरवाल्याला तिथेच ७.९ मिळत होतं. ३२ लाखांवर वीस वर्षांसाठी हप्त्यात फरक पडतो महिना बाराशे रुपयांचा, आणि दर असाच राहिला तर सगळा मिळून सुमारे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचा. भाच्याने हा गुणाकार माझ्यासमोर मोबाइलवर केला आणि फोन उलटा ठेवला. दोनेक वर्षं हप्ते नीट भरून मग कर्ज दुसरीकडे हलवता येतं का बघू, असं ठरलंय.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात करार झाला. नोव्हेंबरात पुन्हा एक फोन आला, कुठल्या तरी नव्या वसुली एजन्सीचा, त्याच कार्डासाठी. भाच्याने नो ड्यूज पत्राचा फोटो पाठवला आणि तो नंबर परत वाजला नाही. तरी एवढ्यावर मी विसंबत नाही. त्या चौथ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये तेव्हा काहीच नव्हतं, आता उशिरा काही उगवलंय का ते बघायचंय. जानेवारीत नव्या वर्षाचे चारही मोफत रिपोर्ट घेऊन ये म्हणून सांगितलंय. प्रिंट काढून.